खटक्यानंतरची ओढ

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातली झाकणं उघडेनाशी झाली. लोणच्याची बरणी, मेतकुटाचा डबा, माझ्या पाण्याच्या बाटलीचं बूच. आई ओट्याशी उभी राहून बरणी पोटाशी धरायची, ओढणी झाकणावर गुंडाळायची आणि दातओठ खाऊन पिळायची. उघडलं नाही की बरणी आणून बाबांच्या पुढ्यात ठेवायची.

"घ्या. लोणच्याला जन्मठेप दिलीय तुम्ही."

बाबा हसायचे, झाकण फिरवून द्यायचे आणि जेवण झालं की पुन्हा तसंच आवळून ठेवायचे. घरातली सगळी झाकणं लावण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. रिटायर माणसाला घरात एखादं खातं लागतंच, असं आई म्हणायची. मीही हसायचे. आज ती बरणी दिसली की मी ती फडताळात मागे सरकवते.

बाबा हवाई दलात होते. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. विमानाचं अंग, पंख, शेपूट हे त्यांचं क्षेत्र. इंजिनाला ते 'दुसऱ्यांचं काम' म्हणायचे. शेवटचं पोस्टिंग चंदीगडला होतं म्हणून आम्ही इथेच राहिलो आणि झिरकपूरला फ्लॅट घेतला. आमच्या गॅलरीवरून विमानं उतरतात. चाकं बाहेर आलेली दिसतात इतकी खालून. बाबा प्रत्येक विमानाकडे मान वर करून बघतात, दुधाची पिशवी हातात असली तरी.

आई टेलिफोन खात्यात होती. सोलापूरची. लग्नाआधीपासून युनियनमध्ये होती आणि बाबांच्या मागे गावोगाव बदल्या घेत फिरली तरी पत्रकं लिहायची थांबली नाही. जिथे जाईल तिथल्या भाषेत ती दुसऱ्याकडून उतरवून घ्यायची, पण आधी मराठीत लिहायची. मी मराठी शाळेत कधी गेलेच नाही. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवर झाली, गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर, घडी घालता घालता. त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की मराठी ही मागण्या करायची भाषा आहे. कामगार बंधू-भगिनींनो, जागे व्हा, जाब विचारा. शाळेतल्या पुस्तकात मोठ्यांवर विश्वास ठेवा असं लिहिलेलं असायचं. विश्वास ठेवा असं सांगणारं पत्रक मी आजवर वाचलेलं नाही. पत्रक सांगतं, विचारा.

मी बाबांना विचारायला फार उशिरा सुरुवात केली.

*

बाबांनी आणि अंकलनी मिळून एक विमान बांधायला घेतलं होतं. दोन माणसांचं, छोटं. नकाशे, पत्रे आणि सुटे भाग खोक्यांतून येतात आणि आपण ते घरच्या घरी जोडायचं. जगभर हौशी लोक असं करतात. अंकल म्हणजे निवृत्त वैमानिक, मोठ्या हुद्द्यावरचे सरदारजी. नोकरीत असताना बाबांनी तयार करून दिलेली विमानं त्यांनी डोंगरांमध्ये उडवली होती. बाबा त्यांना 'सर' म्हणत. ते बाबांना लाडाने 'मराठे' म्हणत. आमचं आडनाव तसं काही नाही, पण अंकलना नाशिकच्या खालचे सगळे मराठेच.

झिरकपूरला फ्लॅटच्या रांगा संपतात तिथे फरशांचं एक जुनं गोदाम आहे. ते त्यांनी भाड्याने घेतलं होतं. शनिवार-रविवारी मीही जायचे. आधी चहा द्यायला, मग पत्रा धरायला, आणि शेवटी एका वेगळ्याच कारणासाठी. माझा हात बारीक आहे. विमानाच्या आत, विशेषतः शेपटीकडे, जागा निमुळती होत जाते आणि तिथल्या बोल्टपर्यंत पुरुषाचा हात पोचला तरी वळत नाही.

बोल्ट आवळणं म्हणजे काय ते मला बाबांनी तिथेच शिकवलं. मला वाटायचं जितका घट्ट तितका चांगला. बाबा म्हणाले, नाही. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, एखाद्या स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणानेच दोन भाग धरून ठेवतो. कमी आवळला तर थरथरीने सैल होणार. जास्त आवळला तर एका मर्यादेनंतर तो कायमचा लांबतो. मग तो दिसायला तसाच असतो, जागेवरच असतो, पण आतून संपलेला असतो. "सैल बोल्ट ओरडतो," बाबा म्हणायचे. "खडखडतो, हलतो, कळतं तरी. जास्त आवळलेला गप्प बसतो आणि हवेत गेल्यावर तुटतो."

म्हणून मापाचा पाना असतो. टॉर्क रेंच. त्याच्यावर किती जोर हवा तो आकडा लावायचा आणि ओढायचं. तेवढा जोर पोचला की पाना आतून 'खट्' करतो आणि हाताला बारीकसा झटका देतो. त्या खटक्यावर थांबायचं. पाना स्वतः थांबत नाही. तो सांगतो, थांबायचं आपण. मोठ्या बोल्टला तो झटका चांगला जाणवतो. शेपटीतल्या बारक्या बोल्टना जोर लागतो तो बरणीचं झाकण लावण्याइतका, त्यामुळे खटकाही अगदी हलका. कोणी शेजारच्या खोलीत बोट मोडावं तेवढा.

आवळून झालं की नटावरून पत्र्यावर जाणारी लाल रंगाची बारीक पट्टी ओढायची. पुढे कधी नट फिरला तर पट्टी तुटलेली दिसते. ती पट्टी ओढायचं काम माझं होतं. लाल रंगाची नळी मी केसांच्या पिनेसारखी कानामागे खोचून फिरायचे. मला अभिमान वाटायचा. आमच्या गोदामात लाल पट्टी म्हणजे 'झालं' असा अर्थ होता. अंकल आले की टॉर्च मारून पट्ट्या बघायचे आणि मान हलवायचे.

त्या पट्टीला एवढंच माहीत असतं की आवळल्यानंतर नट हलला नाही. आवळताना काय झालं ते तिला कोणी विचारलेलंच नसतं.

*

नवरात्रातला दिवस होता. बाहेर ऊन निवलं होतं, पण गोदामाचा पत्रा अजून तापलेलाच होता. विमान जवळजवळ पुरं झालं होतं. दिवाळीनंतर, धुकं पडायच्या आत, ते ट्रकवर चढवून लांबच्या एका धावपट्टीवर न्यायचं आणि अंकलनी पहिलं उड्डाण एकट्याने करायचं ठरलं होतं. पहिल्या खेपेला दुसरा माणूस बसवत नाहीत. याचं कारण मी विचारलं होतं तेव्हा अंकल म्हणाले होते, "बेटा, एक ही काफ़ी है।" आणि दोघंही हसले होते.

मी सीटच्या मागून शिरून शेपटीच्या पोकळीत पालथी पडले होते, पोटाखाली फळी घेऊन, कपाळाला दिवा बांधून. माझ्यासमोर शेपटीची फळी हलवणाऱ्या दांड्याचा सांधा होता. तो सांधा सुटला तर विमानाचं नाक वर करायचं की खाली, हे वैमानिकाच्या हातात राहत नाही. बाबा बाहेर होते. विमानाच्या कुशीतल्या छोट्या झडपेतून त्यांचा हात कोपरापर्यंत आत आला होता. मी बोल्टचं डोकं पान्याने धरून ठेवलं होतं. ते नट आवळत होते.

आत ॲल्युमिनिअमचा घुमट असल्यासारखा आवाज येतो. मला माझा श्वास ऐकू येत होता. आणि 'खट्' स्पष्ट ऐकू आलं.

बाबांचा हात थांबला नाही.

मला वाटलं, माझाच भास. पान्याची दांडी फिरत राहिली. माझ्या हातातला पाना बोल्टबरोबर वळू बघत होता.

"बाबा, लागला."

"कुठे? अजून नाही."

मग धातूचा एक बारीक, चिरका आवाज आला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता, तरी तो काय आहे ते माझ्या दातांना कळलं.

"हां," बाबा म्हणाले. "आत्ता लागला. पट्टी लाव."

त्यांचा हात बाहेर गेला. झडपेच्या भोकातून उजेडाचा एक गोल आत आला आणि त्या नटावर पडला. नट नवा, चकचकीत, जागच्या जागी. बाकीच्या सगळ्या नटांसारखा. माझ्या कानामागची लाल नळी मी हातात घेतली आणि तशीच पडून राहिले. समोर, मागे, डोक्यावर, जिथे दिवा फिरेल तिथे माझ्याच हातच्या लाल पट्ट्या होत्या. त्या क्षणी मला बरणी आठवली. ओढणी गुंडाळून बरणी पिळणारी आई आठवली.

"काय गं, झोपलीस काय?" बाहेरून बाबा.

"मी पट्टी लावणार नाही."

"का?"

"खटका पहिल्यांदाच लागला होता. तुम्ही पुढे ओढलंत."

बाहेर पाना टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग ते शांतपणे म्हणाले, "तू आत आहेस, तुला सगळं घुमतं. माझ्या हातात कळतं मला."

*

घरी येताना आम्ही चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढे ट्रक, मागे बस, दोन्हीकडून हॉर्न. बाबांना हॉर्नचा त्रास होत नाही. धावपट्टीवर आयुष्य घालवलेल्या माणसांचे कान वरच्या पट्टीतले आवाज सोडून देतात. हे मला माहीत होतं. आम्ही घरात त्यावर विनोद करायचो. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यांना कोणी देत नसे.

"नोकरीत तुम्ही बोल्ट आवळलात की पुढे काय व्हायचं?" मी विचारलं.

"दुसरा तपासायचा. त्याच्या सहीशिवाय विमान हलत नसे. माझं कामही तपासायचे. त्यात कोणाला राग नव्हता."

"मग इथे दुसरा कोण?"

"तू."

"मी रंग लावते बाबा. मी तपासत नाही. तुम्ही मला तपासायला शिकवलंच नाही."

"मी असताना तुला काय गरज..." ते बोलता बोलता थांबले. बस हलली. त्यांनी गिअर टाकला, इतक्या जोरात की खालून आवाज आला.

जेवताना मी आईला सांगितलं. तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग मला विचारलं, "त्या विमानात बसायचंय कोणाला?"

"अंकलना."

"मग त्यांना सांगितलंस?"

"सरांना काय सांगायचं त्यात," बाबा म्हणाले. "सरांनी आजवर मला कधी विचारलेलं नाही."

हीच ती गोष्ट, जिचा मला संताप येतो. वैमानिक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारतो, पंखावर हात फिरवतो, चाकांकडे बघतो. पण ज्याने ते तयार केलं त्याच्या तोंडावर तो कधी विचारत नाही की नीट आवळलंस ना. तो अपमान समजला जातो. आणि तयार करणारा कधी म्हणत नाही की मला खात्री नाही. त्या जगात तपासायला तिसरा माणूस असायचा, म्हणून दोघांना हा उमदेपणा परवडायचा. निवृत्त होताना त्यांनी उमदेपणा तेवढा बरोबर आणला. तिसरा माणूस तिथेच राहिला. एकाने विचारायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं नाही, आणि मध्ये हवेत माणूस. याला दोस्ती म्हणतात, इमान म्हणतात. माझ्या पत्रकांच्या भाषेत याला माहिती दडवणं म्हणतात. ज्याचा जीव जाणार आहे त्याला विचारायचा हक्क आहे आणि त्याने विचारलं नाही तरी त्याला सांगणं बाकीच्यांवर बंधनकारक आहे. हे मी जेवणाच्या टेबलावर असंच, याच शब्दांत म्हणाले.

"झालं भाषण?" बाबा म्हणाले. "सांग सरांना. बघू तुझं ऐकतात का."

*

रविवारी अंकल गोदामात आले ते छोले-कुलचे घेऊन. छोल्यांचा स्टीलचा डबा फडक्यात धरून त्यांनी आणला आणि "जल गया यार" म्हणत पुढे केला. बाबांनी तो उघड्या हाताने घेतला, तळव्यावर धरला आणि टेबलाकडे चालत जाऊन सावकाश ठेवला.

"ओए मराठे, हाथ है कि चिमटा?"

बाबा हसले. मला हसू आलं नाही. मी सांगून टाकलं. सगळं, एका दमात, हिंदीत.

अंकलनी कुलचा तोडता तोडता ऐकलं. "बेटा, तेरे पापा के कसे हुए बोल्ट पे मैं ऐसी-ऐसी जगह उतरा हूँ, आँख बंद करके।"

"आँख क्यों बंद थी, अंकल?"

त्यांनी कुलचा खाली ठेवला. "ऐसे नहीं बोलते।"

"एक बोल्ट निकालके देख लेते हैं। बस एक।"

"ज़रूरत नहीं है," अंकल म्हणाले, आता वेगळ्या आवाजात. ते रागावले होते, पण स्वतःसाठी नाही. बाबांच्या वतीने. हे मला सगळ्यात भीतीदायक वाटलं. ज्याचा जीव धोक्यात होता तोच माणूस मला गप्प करत होता, मित्राचं मन दुखू नये म्हणून.

"काढू द्या, सर," बाबा मराठीतच म्हणाले, मग हिंदीत: "निकालने दीजिए। इसको भी तसल्ली हो जाएगी।" त्यांची खात्री होती. मी हे लिहिलंच पाहिजे. त्यांच्या मनात काडीची शंका नव्हती.

मी पोकळीत शिरून ज्याला पट्टी लावली नव्हती तोच बोल्ट काढून आणला. पाकिटातला एक नवा बोल्ट घेतला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. काहीच फरक दिसत नव्हता. अंकल म्हणाले, "देखा?"

मग मी एक साधा नट घेतला आणि नव्या बोल्टवर बोटाच्या टोकाने फिरवला. तो माळेतल्या मण्यासारखा सरसर खाली गेला. तोच नट काढून शेपटीतल्या बोल्टवर चढवला. सुरुवातीला गेला. मग मध्ये एका जागी अडला. तिथे आटे ताणले गेले होते. बोल्ट लांबला होता, नटाला आता ते जुळत नव्हते. ही तपासणी मला कोणी गुपचूप सांगितली नव्हती. बाबांच्याच पुस्तकात होती. पान त्यांनीच दुमडून ठेवलेलं होतं.

मी बोल्ट आधी बाबांच्या हातात दिला. तो त्यांचा होता, पहिला मान त्यांचा.

त्यांनी चष्मा वर केला. बोल्ट डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने नट फिरवायला लागले. नट अडलेल्या जागी आला. बाबांची बोटं फिरतच राहिली. नखं पांढरी झाली. नट करकरत पुढे सरकला, तसाच खाली गेला.

"फिरतोय की," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं, साध्या, मोकळ्या चेहऱ्याने. झाकण लावून झाल्यावर बघतात तसं.

अंकलनी हात पुढे केला. बोल्ट घेतला, नट उलटा फिरवायला गेले. त्यांना तो हलेना. दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा प्रयत्न केला. नट तिथेच रुतून बसला होता. मग त्यांनी बोल्टकडे बघायचं सोडलं आणि बाबांच्या बोटांकडे बघत राहिले. तिथून छोल्यांच्या डब्याकडे. डब्यावर अजून वाफ होती. बाबांच्या तळव्यावर डब्याच्या कडेचा लाल गोल उमटला होता, आणि बाबांना तो माहीत नव्हता.

गोदामावरून एक विमान उतरत गेलं. पत्रे थरथरले. 

"ये वाला बदल दो," अंकल शेवटी म्हणाले. "बाक़ी ठीक ही होंगे।"

"कौन-से बाक़ी, अंकल?" मी म्हणाले. "बाक़ी सब किसने कसे हैं?"

 बाबा स्टुलावर बसले होते, तळवा वर करून तो लाल गोल बघत होते. त्यावर त्यांनी अंगठा दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मग कोणालाच न विचारता, मराठीत, म्हणाले, "कधीपासून?"

"क्या बोल रहा है?" अंकलनी मला विचारलं.

"पूछ रहे हैं, कब से।"

*

त्या संध्याकाळी आई जेवणाच्या टेबलाशी बसली आणि आठवायला लागली. बाबांनीच तिला आठवायला सांगितलं. त्यांना साखर होती, गोळ्या चालू होत्या, पायाला मुंग्या येतात हे त्यांनी कधीतरी पेपर वाचता वाचता सांगितलं होतं. हाताचं कधी बोलले नव्हते. ज्या हाताला कळत नाही त्याला आपल्याला कळत नाही हे तरी कसं कळणार.

"झाकणं पावसाळ्यापासून," आई म्हणाली.

"पावसाळ्यात शेपटी जोडली," बाबा म्हणाले.

"होळीच्या सुमारास मोरीतला नळ. तुम्ही वॉशर बदललात आणि नळ बंद करताना आटा गेला."

"तेव्हा पंख."

"कुकरच्या कानाचा स्क्रू तुटला तो त्याच्या आधी. मागच्या दिवाळीला. चकलीच्या भाजणीच्या दिवशी."

"पायाखालची पेडलं. इंजिनाची चौकट."

आई एकेक वस्तू मागे जात होती आणि प्रत्येक वस्तूबरोबर ते विमान माझ्या डोळ्यांसमोर सुटत होतं. आधी शेपूट, मग पंख, मग नाक. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, त्याच्या आधी काही नाही. ती थांबली. टेबलावरचा तांदळाचा दाणा बोटाने सरकवत राहिली.

"त्या दिवाळीच्याही आधीच्या संक्रांतीला," ती म्हणाली, "मी हळदीकुंकवाला निघाले होते. तुम्ही माझ्या घड्याळाचा पट्टा लावून दिलात."

"मग?"

"वळ उठला होता. दोन दिवस होता."

"बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कित्येक वर्षांत पहिल्यांदा पट्टा लावून देताय. कुठे बोलायचं."

माझ्या आईने मोठमोठ्या साहेबांना भर सभेत जाब विचारला आहे. हातावरचा वळ बाहीखाली झाकून ती तिळगूळ वाटायला गेली होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण माझ्याच हाताने ओढलेल्या लाल पट्ट्या शेपटीच्या अंधारात वाळत होत्या, तेव्हा मी गप्प बसले.

बाबांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "त्या संक्रांतीला तर नुसतं सांगाड्याचं काम चालू होतं."

म्हणजे सगळं. पहिल्या बोल्टपासून.

*

विमान त्या मोसमात गेलं नाही. धुकं आलं, धुकं गेलं. आम्ही ते पुन्हा उघडलं. काढलेले बोल्ट एका बादलीत टाकत गेलो. त्यातला प्रत्येक बोल्ट मी नट फिरवून पाहिला नाही. पहिले काही पाहिले, मग थांबले. काहींवर नट सरसर जायचा, आणि तेच जास्त वाईट होतं, कारण मग चांगला कुठला आणि संपलेला कुठला, हे बघून सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, गेलेल्या नसा परत येत नाहीत, उरलेल्या सांभाळा.

नवा नियम मी मांडला. आवळणारी मी. खटक्यानंतर मापाच्या दुसऱ्या पान्याने तपासायचं आणि लाल पट्टी ओढायची ती अंकलनी, स्वतःच्या हाताने, कारण बसायचं त्यांना आहे. अंकल पहिल्या दिवशी खूप कुरकुरले. "इतने साल में किसी का बोल्ट चेक नहीं किया, अब एक लड़की का करूँ?" मी म्हणाले, लड़की का ही कीजिए, उसको बुरा नहीं लगेगा. बाबांकडे बघायचं मात्र ते टाळतात. दोघांत काहीतरी तुटलं आहे आणि ते माझ्यामुळे तुटलं आहे. मला त्याची लाज वाटत नाही. पण गोदामात आता पूर्वीसारखं कोणी हसत नाही.

काल मी पुन्हा शेपटीच्या पोकळीत होते. तोच सांधा, नवा बोल्ट. आता बोल्टचं डोकं बाबा धरतात, बाहेरून, झडपेतून. त्यात जाणवायचं काही नसतं. पाना माझ्या हातात होता. मी ओढत गेले, हळू, बाबांनी शिकवलं तसं, श्वास सोडत. हाताच्या आत कुठेतरी बारीक 'खट्' झालं.

आणि माझा हात थांबू बघेना. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खटका लागल्यावर हाताला वाटतं, अजून थोडं. अगदी थोडं, म्हणजे पक्कं होईल. त्या क्षणी सगळं अंग सांगत असतं की सैल राहिलं तर. मी मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि पाना सोडला. घाम डोळ्यांत गेला.

बाहेर बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांचा हात बोल्टचं डोकं धरून तसाच आत होता, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. बोटांच्या टोकांवर छोटे छोटे भाजल्याचे डाग आहेत. रोज एखादा नवा असतो.

"लागला?" त्यांनी विचारलं.

मी नटाकडे बघितलं. चकचकीत, जागच्या जागी, बाकीच्या सगळ्यांसारखा.

"लागला," मी म्हणाले. "पण हात काढू नका. अंकलना बोलवा."